न्हाणीघराचं बाहेरचं दार

घाटंजीच्या रस्त्याला एक बंगला आहे. राणीच्या काळात कापसाचा व्यापार करणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबानं तो बांधला. आता ते सरकारी विश्रामगृह आहे. येणारेजाणारे म्हणतात, काय जपलंय हो! तो मी जपला. मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, आणि त्याची सगळी दुरुस्ती माझ्या देखरेखीखाली झाली. याचंच मला दुःख आहे.

बंगला देखणा आहे, खोटं कशाला बोलू? समोर पोर्च, ओतीव लोखंडाचे खांब, खांबांच्या माथ्यावर द्राक्षवेलीची नक्षी. सोळा फूट उंच छत आणि दोरी ओढून उघडायची रोशनदानं. शिवाय दिवाणखान्यात शेकोटी! मे महिन्यात जिथे कावळा चोच वासून बसतो, तिथे साहेबाला शेकोटी लागत होती.

बंगल्याच्या नकाशात आणखी एक हुशारी आहे. प्रत्येक न्हाणीघराला बाहेरून एक बुटकं दार आहे. झाडणाऱ्यानं, मैला उचलणाऱ्यानं तिथूनच यायचं आणि तिथूनच जायचं. घरातल्या रंगीत फरशीला त्याचा पाय लागता कामा नये. माझे आजोबा झाडू घेऊन त्याच दारानं आत जायचे.

पुढे आजोबांनी दीक्षा घेतली. घरातले देव गेले, झाडू गेला. बाबा गवंडी झाले, चुन्याच्या कामातले उस्ताद. बंगल्याच्या भिंती जन्मभर त्यांनीच सांभाळल्या. बोटानं टकटक करून गिलावा कुठे पोकळ झालाय ते अचूक सांगायचे. त्यांना अडवणारं तेव्हा कुणी उरलं नव्हतं, तरी आत जाताना ते त्याच बुटक्या दारानं जायचे. मला त्याचा फार राग यायचा.

दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सगळ्यात आधी नकाशातल्या त्या दारावर लाल रेघ मारली. विटांनी बुजवून टाकायचं. वरून शेरा आला, ‘मूळ स्वरूपात जतन करावे.’ मी भांडायला हवं होतं. पण बैठकीत पाच-सहा साहेब बसलेले, त्यांच्यासमोर आजोबांचा झाडू काढायची मला लाज वाटली. मी मान डोलावली. वर दार घासून घेतलं, सागवान उजळून काढलं, कडी चकचकीत केली, बिजागऱ्यांना तेल घातलं. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, ही बाबांचीच खोड माझ्यात आहे.

काम संपलं तेव्हा बाबांना दहा पावलांवर धाप लागत होती. जन्मभराचा चुना छातीत बसला होता. एकदा तरी त्यांनी पोर्चमधून, मोठ्या दारानं आत जावं, एवढंच मला हवं होतं. समोरच्या दाराच्या दोन्ही फळ्या मी सताड उघडून ठेवायला लावल्या आणि बाबांना घेऊन गाडी थेट पोर्चमध्ये आणली. चौकीदाराशी थोडा वेळ बोलून वळले, तर बाबा नाहीत.

ते मागच्या बाजूला, त्या बुटक्या दारापाशी होते. एक हात भिंतीला टेकून धाप टाकत उभे.

“बाबा, इकडून काहून? समोरून चला ना.”

“आता आलोच तं जाऊ दे वं माय. पायाले हाच रस्ता ठावा हाय.”

“माह्यासाठी चला. एक डाव.”

त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी दार ढकललं. ते आवाज न करता उघडलं. बाबांनी ते पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं, बिजागरीवरून अंगठा फिरवला. चेहरा खुलला त्यांचा.

“पह्यले लय कुरकुरे हे,” ते म्हणाले. “मस्त काम केलं वं तू. आता शंभर वर्सं याले काई होत नाई.”

आणि डोकं वाकवून आत गेले.

त्या पावसाळ्यात बाबा वारले. दर तीन महिन्यांनी मी पाहणीला जाते आणि त्या बिजागऱ्यांना तेल घालून घेते. न घालण्याची हिंमत अजून मला झालेली नाही.