पिवळ्या औषधाची थंडी

खाट रिकामी होती. स्टँडवर पिवळ्या औषधाची बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली. नळी लोंबत होती, सुई उशीवर पडली होती.

"सिस्टर, पेशंट कुठाय?"

"आई घेऊन गेली, सर. ऐकेचना."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. महाडच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी फिजिशियन होतो. पेशंट सुरेश, पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, मुंबईत सुतारकाम करणारा. रक्ताचा रिपोर्ट एड्सचा आला होता. डोकं इतकं दुखायचं की भिंतीवर आपटून घ्यायचा. पाठीतलं पाणी काढलं, शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांकडून काळी शाई मागून आणली आणि त्यात मिसळली. मायक्रोस्कोपखाली काळ्यावर पांढरी वलयं दिसली. क्रिप्टोकॉकस. ही एक बुरशी. तुम्हाआम्हाला ती सहसा काही करत नाही, पण सुरेशच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली होती.

पाणी काढल्यावर त्याचं डोकं हलकं झालं. वाटीभर पेज प्यायला. आई माझ्या पाया पडली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

औषध एकच, अँफोटेरिसिन. सुरेशच्या भावानं मुंबईहून बर्फात घालून एसटीनं आणलं. मी सिस्टरना बजावलं, "ग्लुकोजमधूनच द्या, अगदी सावकाश. तासाभरात जोरात थंडी भरेल. घाबरू नका, ब्लँकेट घाला." आणि ओपीडीसाठी पोलादपूरला निघून गेलो. आई तेव्हा खाटेच्या पायथ्याशीच बसली होती. तिच्याशी मी एक शब्द बोललो नाही.

परतल्यावर ती रिकामी खाट पाहिली आणि तशीच जीप त्याच्या वाडीकडे वळवली. सुरेश घरात बेशुद्ध पडला होता. आईनं पुन्हा न्यायला साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मी भेटायला गेलो. तिनं पाट दिला, पाणी दिलं.

"पिवळं पानी चढलं नि पोर थडथडा उडाया लागला. मला वाटला, औषध चुकला."

"औषध बरोबर होतं, मावशी. त्यानं थंडी भरतेच. मला माहीत होतं."



"मंग मला का नाय बोललात, डाक्टर? मी त्याला धरून बसली असती."

तेव्हा एड्सवर इलाज नव्हताच. औषधानं फार तर काही महिने मिळाले असते. पण ते महिने तिचे होते, आणि ते माझ्यामुळे गेले.

तेव्हापासून बाटली लावण्याआधी मी स्टूल ओढून नातेवाइकांजवळ बसतो. काय होणार ते आधी त्यांना सांगतो, मग सिस्टरना.