देवीचा हुकूम

साठच्या दशकात मी तंजावुरात एका दवाखान्यात ईसीजी काढायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई इडल्या विकायची. जरा मोठा आवाज झाला की ती धाडकन कोसळायची. दोन मिनिटांनी आपणच उठून पदर सारखा करायची आणि पुन्हा इडल्या वाढायला लागायची. लोक म्हणायचे, तिच्या अंगात देवी येते. सासूही तिला टरकून असायची.

एकदा देवळात बार उडाला आणि ती बराच वेळ उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक ठोक्यानंतर हिचं हृदय पुन्हा सज्ज व्हायला फार वेळ घेतं. तेवढ्यात दचकली, तर ठोके सैरावैरा धावतात. मोठे आवाज टाळा, नाहीतर एक दिवस उठायची नाही."

बाहेर येऊन तिनं मला विचारलं, "म्हणजे देवी नाहीच?"

"नाही, अक्का."

"मग तोंड बंद ठेवा, राव. डॉक्टरचं कोण ऐकतंय आपल्या गल्लीत?"

दिवाळीच्या चार दिवस आधी ती भर गल्लीत केस सोडून घुमायला लागली. "इथं फटाका लावेल त्याचं तळपट करीन!" लोक एकमेकांकडे बघत राहिले. घुमता घुमता तिनं मला डोळा मारला. मग मी, मशीनवर बसणारा शिकलेला माणूस, पुढं झालो आणि तिच्या पाया पडलो. माझ्यामागून अख्खी गल्ली वाकली.

दिवाळीच्या पहाटे गल्लीत एकही फटाका वाजला नाही. इडल्या मात्र सातच्या आत संपल्या.