सुईच्या चोचीचा मासा

आरमोरीच्या बाजारात वैनगंगेचे मासे विकणाऱ्या बाईंच्या बादलीत मला एक सडपातळ, सुईसारख्या चोचीचा जिवंत मासा दिसला. घरच्या काचेच्या टाकीत शोभेल म्हणून मी तो घेतला.

"सोबत दुसरे मासे नोका ठेवू," बाई म्हणाल्या. मी शिकलेला माणूस, त्यामुळे ऐकलं नाही.

आठवड्यात मुलीचे सगळे लाल मासे त्याने फस्त केले. मुलगी रडली आणि मी तक्रार घेऊन बाजारात गेलो. बाईंनी विळीवरून नजरही उचलली नाही.

"माशानं मासा खाल्ला, भाऊ. तुमी त्याले वरण-भात वाढून राह्यले होते का?"

आता मुलीचा जीव त्याच्यावरच जडलाय. म्हणून दर बाजाराला मी त्याच्यासाठी बारके जिवंत मासे नेतो. पिशवीत पाणी भरताना बाई चारचौघांत, न हसता विचारतात, "जवाई बराबर जेवून राह्यले ना?"