बांधाबाहेरची कांदळं

हौसा घरत वीस वर्षांपुढचं बोलायला लागली, तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं. २००५च्या पुरात पनवेल खाडीचा बांध तीन ठिकाणी फुटला होता आणि भातशेती खारी झाली होती. पुरुष म्हणाले, सोडा आता, उद्या इथं प्लॉट पडतील. हौसा मात्र बांधाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत येऊन बायांना म्हणाली, "आपन सरपनासाठी कांदळं तोडली, तिथंच बांध फुटलाय. झाडं हायेत तिथं ढेकूळ पन हललं नाय."

श्रावणात कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, लांब शेंगा पिकल्या. त्या टोपल्यांत भरून अकरा बाया ओहोटीला चिखलात उतरल्या. पहिल्या वर्षीची रोपं भरतीनं नेली, दुसऱ्या वर्षीची म्हशींनी खाल्ली. तिसऱ्या वर्षी तिचा दीर तुळशीराम, एकटाच पुरुष, मदतीला आला आणि त्यानं जुन्या जाळ्यांचं कुंपण घातलं.

"वैनी, कवा मोठी व्हायची ही?"

"पूर्वीची पोरं हितं चिंबोऱ्या धरतील तवा." पूर्वी तिची नात; तेव्हा चार वर्षांची.

२०१२पर्यंत झाडं डोक्यावर गेली. चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी परत आली, बांधाआड भात उभा राहिला. हसणारेच सल्ला विचारायला येऊ लागले.

मग पलीकडच्या काठावर डंपर आले. रोज भराव पडे आणि रोज खाडी थोडी आक्रसे.

एका सकाळी हौसाला टोकाची कांदळं पिवळी दिसली. ती आत शिरली आणि थबकली. चिखलाला भेगा पडल्या होत्या. एक खेकडा नाही, एक बगळा नाही. भर भरतीची वेळ, तरी पाणी आत येत नव्हतं. कुणीतरी मातीचा बंधारा घालून पाण्याचं तोंडच बुजवलं होतं. कांदळाचं पाणी तोडलं की ते उभ्या उभ्या मरतं. जिवंत कांदळ तोडायला कायद्याची बंदी, पण मेलेलं झाड तोडायला कुणी अडवत नाही.

बायांनी कुदळींनी बंधारा फोडला. तिसऱ्या दिवशी तो दुप्पट उंच होऊन उभा होता. त्यावर दोन अनोळखी माणसं बसली होती. एक जण अगदी नरमाईनं म्हणाला, "मावशी, तुमच्याच घरातल्यानं जागा दाखवली."

हौसा तडक दिराच्या ओटीवर गेली. तुळशीरामनं मान वर केली नाही. "सगला काठच जानार हाय, वैनी. मी नाय म्हनलो तं दुसरा हो म्हनल."

"पानी कुठं वळंल, तुला ठावं होतं."



भाद्रपदाच्या उधाणाला पाणी कांदळात शिरू शकलं नाही. ते बांधावर चालून आलं. झाडं वाळली होती तिथं बांध खचला, आणि भर दुपारी शेतं ओलांडून पाणी तुळशीरामच्या ओटीवर चढलं. ओसरलं तेव्हा उंबऱ्यात गाळ आणि मेलेले मासे होते.

दुसऱ्या दिवशी हौसानं बायांना शेंगा घेऊन बोलावलं. त्या बांधाकडे निघाल्या, पण ती शेताच्या अलीकडच्या कडेलाच, घरांच्या मागं थांबली. तिथं तिनं लागवडीची ओळ आखायला दोरी धरली.

बायांमधली मैना चरकली. "काकी, हे तं आपलं शेत."

"शेत गेलं असं धर. आता घरं राखायची."

मैनानं शेंगांची टोपली खाली ठेवली. तुळशीराम मागून आला आणि टोपलीशी उभा राहिला. हौसानं त्याच्याकडे न बघता दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

पुढचं उधाण पंधरा दिवसांवर होतं.