राउटर कुणामुळे बंद पडला

हे मी आजवर कुणाकडेच बोललेलो नाही. माझ्या बायकोकडे, माधवीकडे तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं. पण गोष्टीची सुरुवात फार आनंदाची आहे हो. ती तशीच सांगतो.

पाच वर्षं झाली. आमचं अमेरिकेतलं, मॉरिसव्हिलचं घर म्हणजे तीन मजली टाउनहाउस. मी नुकताच रिटायर झालो होतो. आमची एकुलती एक मुलगी सई मेडिकलचं शेवटचं वर्ष संपवत होती आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या ट्रेनिंगच्या मुलाखती घरूनच व्हिडिओवर देणार होती. पण जुन्या राउटरचं वाय-फाय तिच्या वरच्या खोलीत पोचेपर्यंत धापा टाकायचं. "बाबा, प्लीज डू समथिंग," ती म्हणाली. बस! मला आणखी काय हवं होतं?

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. रिव्ह्यू वाचले, तुलना केल्या, दोनदा ऑर्डर कॅन्सल केली. घराचा नकाशा काढून, हातात फोन घेऊन प्रत्येक खोलीत स्पीड मोजत फिरलो — जिन्यात, कपड्यांच्या क्लॉझेटमध्येसुद्धा! "अहो, घर विकायला काढलंय का?" माधवी हसून म्हणाली.

शेवटी तो आला. काळाभोर, सहा अँटेनांचा. खोकं मी जपून, चिकटपट्टी न फाडता उघडलं. खालच्या मोडेमपासून लांब केबल ओढून मी तो मधल्या मजल्यावर, पुस्तकांच्या शेल्फवर उंच ठेवला. नेटवर्कला नाव दिलं 'पुरणपोळी'. निळा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि स्थिर झाला. वरून सई ओरडली, "बाबा! इट्स फ्लाइंग!" साठी उलटलेला मी — जिन्यातच नाचलो. इतका आनंद मला नोकरीतल्या कुठल्या प्रमोशननं तरी दिला होता का?

आता पुढचं. पुढचं सांगायचं म्हणजे —

सईची सगळ्यात महत्त्वाची मुलाखत होती आमच्याच भागातल्या हॉस्पिटलची, घरापासून वीस मिनिटांवर. तिथे निवड झाली तर पोरगी जवळ राहणार होती. माधवीनं मनातल्या मनात तिच्या डब्यांचं वेळापत्रकही ठरवून टाकलं होतं. दहाला मुलाखत सुरू झाली. सई वर, दार बंद. मी स्वयंपाकघरात, कॉफी आणि फोन घेऊन. माधवी हॉलमध्ये तेच शेल्फ पुसत होती. आम्ही दोघंही दबक्या पावलांनी वावरत होतो.

आणि माझ्या फोनवर राउटरच्या अ‍ॅपनं दाखवलं — नवीन अपडेट आलंय.

मला माहीत नव्हतं का, की अपडेट झालं की राउटर रीस्टार्ट होतो? माहीत होतं. सगळं आयुष्य मी नेटवर्कचंच काम केलं. स्क्रीनवर तसं लिहिलंही होतं. तरी मी 'आत्ता करा' दाबलं. का? नवीन खेळण्यात नवीन काय आलंय ते बघायचं होतं — एवढंच. त्या क्षणी वर सई बोलतेय, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

निळा दिवा गेला.

सई धडाधडा जिना उतरून आली. चेहरा पांढराफटक. "व्हॉट हॅपन्ड? आई, डिड यू टच इट?"

माधवीच्या हातात फडकं होतं. ती गांगरली. "मी नुसतं पुसत होते गं... वायर हलली की काय?"

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प बसलो असं लिहिलं, तर तेही खोटंच होईल — मी गप्प बसलो नाही. मी फोन खिशात टाकला, हॉलमध्ये आलो आणि मोठ्यानं म्हणालो, "तुला सांगितलं होतं ना, त्याला हात लावू नकोस म्हणून?"

मी तसं कधीच सांगितलं नव्हतं.

चार मिनिटांनी नेट आलं. सई वर पळाली, पुन्हा जोडली गेली, पण तिचा आवाज बिथरला होता. तो मला खालूनही कळत होता. दुपारी अ‍ॅपमधली रीस्टार्टची नोंद मी पुसून टाकली. हो, तेवढं मला सुचलं.

त्या हॉस्पिटलनं तिला घेतलं नाही. त्या चार मिनिटांमुळेच की आणखी कशामुळे, ते कुणालाच कळणार नाही. ती पार उत्तरेला, बर्फाळ मिनेसोटाला गेली आणि तिथलीच झाली. माधवीनं तिची दोनदा माफी मागितली, एकदा माझ्यादेखत. आणि आता? मित्रमंडळी जेवायला जमली की माधवी स्वतःच तो किस्सा सांगते — "माझ्या एका फडक्यानं लेकीला बर्फात धाडलं बघा!" सगळे हसतात. मीही हसतो. पाच वर्षं हसतोय. कोणी वायरीवरून थट्टा केली, तर त्यात भरही घालतो.

आज रविवार. अकराला सईचा व्हिडिओ कॉल असतो. दोघी एकदमच समोर असतील. आज सांगायचं, असं सकाळी उठल्या उठल्या ठरवलं आणि तेव्हापासून दोनदा विनाकारण जिना चढलो-उतरलो. भीती आहे, पण नुसती भीती नाही. खरं बोलायची इतकी घाई मला कधी झाली नव्हती. बटण मी दाबलं, आणि आळ तुझ्यावर मीच घातला — एवढंच म्हणणार आहे. "पण" हा शब्द येऊ देणार नाही. त्यावर त्या दोघी काय म्हणतील, ते त्यांनी ठरवायचं.

खालून माधवीची हाक आली. "अहो, सई आलीय स्क्रीनवर. या ना लवकर!"

आलो.