भिंतीएवढं चित्र

रंगाऱ्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेसातला लोकांच्या भिंती रंगवायला निघायचं. त्याआधीचे तीन तास त्याचे स्वतःचे. मागच्या खोलीत तो चित्रं काढायचा. त्यांत ना झाड, ना माणूस. पुट्टीचा थर, पत्र्याने ओढलेला रंग, वाळला की घासकागद, वर पुन्हा रंग. एकेका चित्राला चाळीस-चाळीस हात. अशी सव्वीस वर्षं.

मेहुणा गवंडी, बायकोचा थोरला भाऊ. तो डोळे बारीक करून म्हणायचा, "भावोजी, मला तर यात ओल आलेली भिंत दिसते."

"मग बरोबर दिसतंय."

पन्नाशी उलटल्यावर एका कलादालनाने फोटो बघून त्याचं सगळ्यात मोठं चित्र निवडलं. पहिल्यांदाच कुणी निवडलं होतं. शुक्रवारपर्यंत पोचवायचं होतं. बुधवारी रंगाऱ्याने आधी चित्राला, मग दाराला टेप लावली. चित्र दहा बाय आठ, दार सहा बाय अडीच. चौकट त्याने खोलीतच, भिंतीच्या मापाने ठोकली होती. जन्मभर भिंती रंगवलेल्या. रंगवलेलं बाहेरही न्यावं लागतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"कापड काढून गुंडाळा," मेहुणा म्हणाला.

"पोपडे निघतील."

"मग मधोमध कापा."

रंगारी चित्राच्या आड येऊन उभा राहिला. मेहुणा खाकरला.

बायको उंबऱ्यात उभी होती. चित्रांबद्दल ती आजवर बरंवाईट काहीच बोलली नव्हती. "दादा, दार फोडायला किती वेळ लागेल?"

"अगं, राहतं घर आहे हे!"

"माझंच आहे. वेळ सांग."

"नीट करायचं तर दिवस जाईल."

"मग नीटच कर."

गुरुवारी दोघांनी कामावर खाडा केला. आधी छताला टेकू, मग छिन्नी. एकेक वीट शाबूत काढली. चित्रावर प्लॅस्टिक होतं, तरी रंगारी धूळ पुसत राहिला. संध्याकाळी शेजारचे दोघे हाताशी घेऊन चौघांनी चित्र आडवं धरून गल्लीत काढलं. एक कोपरा नखभर खरवडला.

महिनाभर ते दालनात टांगलेलं होतं, इकडे भगदाडावर ताडपत्री. लोक थांबून बघायचे. विकलं गेलं नाही, परत आलं.

"आता विटा बसवून टाकू," मेहुणा म्हणाला. "हौस फिटली ना?"

"नाही फिटली," बायकोच म्हणाली.

पुढच्या चार महिन्यांच्या मजुरीत रंगाऱ्याने लोखंडी तुळई आणली आणि दोन झडपांचं, साडेआठ फुटी दार बसवलं.