काकांची मोजणी

माझ्या मैत्रिणीचे वडील स्वर्गाच्या दारातही आधी डोकी मोजतील आणि मगच सगळ्यांना आत सोडतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मूळचे नागपूरचे हे काका दक्षिणेतल्या एका सरकारी कंपनीतून निवृत्त झाले. तिथल्या शहरात मेट्रो आणि खाडीत प्रवासी बोटी, दोन्ही तीच कंपनी चालवते. काकांची शेवटची वर्षं बोटींच्या धक्क्यावर गेली. डोकी मोजल्याशिवाय बोट सोडायची नाही, हा तिथला नियम ते थेट इकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला घेऊन आले. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या आमच्या पॉटलकला ते दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्यांना आधी वाट देतात आणि मग आत येणाऱ्यांना मोजतात. एकदा सोफ्याच्या एकाच टोकाला माझा धिप्पाड नवरा आणि त्याचा तितकाच धिप्पाड मित्र बसले, तर काकांनी त्या मित्राला भेळेच्या बशीसकट दुसऱ्या टोकाला हलवलं. "आजोबा, इट्स अ सोफा!" नात ओरडली. "कलंडेपर्यंत सगळ्यांना सोफाच वाटतो," काका शांतपणे म्हणाले.

काकू गेल्यावर लेकीने त्यांना इकडे आणलं. त्यांनी मात्र परतीचं तिकीट हट्टाने काढलेलं होतं आणि नागपूरच्या घराची किल्ली सदैव कोटाच्या खिशात असायची. "बाबा, तिकीट कॅन्सल करू ना?" असं ती विचारी, आणि काका बसच्या वेळापत्रकातल्या चुका सांगू लागत. एकदा मी म्हटलं, "काका, तुम्हाला धरून आपण बारा." ते म्हणाले, "अकरा. मी स्टाफ." ते ऐकून मैत्रिणीचा चेहरा पडला. मला काकांचा रागच आला.

परवा आम्ही सगळे एक मोठी व्हॅन करून पानांचे रंग बघायला तळ्यावर गेलो होतो. जाताना काकांनी नेहमीसारखे अकरा मोजले होते. निघताना पार्किंगमध्ये काकांची मोजणी सुरू झाली.

"बारा," ते म्हणाले.

आम्ही चक्रावलो. हा जास्तीचा कोण? माझ्या नवऱ्याने तर व्हॅनमध्ये वाकून पाहिलं. मैत्रीण बोटाने एकेकाला मोजत गेली आणि शेवटी तिचं बोट वडिलांपाशी थांबलं.

"बाबा... तिकीट?"

"कॅन्सल कर. आणि बसा लवकर, उशीर होतोय."

ती रडत रडत हसत होती आणि मीही. घरी जाताना काका माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ तळहातावर धरली.

"तिकडे घराची दारं-खिडक्या कोण उघडेल गं आता?" त्यांनी विचारलं.

त्यांनी किल्ली पुन्हा खिशात ठेवली आणि मागे वळून सगळ्यांना एकदा मोजलं.